एमएच-११ मुंबईत

मुंबईला एसटीनं जा, रेल्वेनं जा, पण गाडी घेऊन जाऊ नको, हा सल्ला साताऱ्यात फुकट मिळतो. देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी मुंबईत कधी स्टिअरिंग धरलेलं नसतं. पण आईचे गुडघे, मावशीसाठी घेतलेलं इंद्रायणीचं पोतं, कोरेगावचा वाघ्या घेवडा आणि कंदी पेढ्यांचे पुडे एवढं सगळं कुठल्या एसटीत चढवणार? नवरात्रात चार दिवस मावशीकडं राहून यायचं ठरलं आणि आमची २०१७ची पेट्रोल हॅचबॅक निघाली. आई पुढं, ही आणि चिरंजीव मागं.

निघण्याआधीची तयारी थोडक्यात. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते पाहिलं, केवायसी अडकलेली नाही याची खात्री केली. पीयूसी जिवंत होती. बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचं मानक) आणि त्यापुढच्या गाड्यांना पहिल्या वर्षानंतर ती वर्षभराची मिळते, त्याआधीच्यांना सहा महिन्यांची. हे कित्येकांना माहीत नसतं आणि नाक्यावर पोलिसांशी हुज्जत घालत बसतात. एचएसआरपी, म्हणजे जास्त सुरक्षेची नंबरपाटी, आधीच बसवून घेतली होती. १ एप्रिल २०१९च्या आधी नोंदलेल्या सगळ्या गाड्यांना महाराष्ट्रात ती सक्तीची आहे, चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये, आणि आईच्या समाधानासाठी झेरॉक्स डॅशबोर्डच्या कप्प्यात.

शुक्रवार

खंबाटकी, पुणे, एक्स्प्रेसवे. सांगण्यासारखं काही घडलं नाही. गाडी नव्वदच्या वेगानं सुरेल चालली होती, एसी गारेगार, तापमानाचा काटा बरोबर मध्यावर. बोरघाटात ढग खाली उतरले होते, आईनं शाल ओढून घेतली. वाशीच्या नाक्यावर न थांबता पुढं गेलो. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल नाही. चिरंजीवांनी तरी सवयीनं काचेवरच्या फास्टॅगकडं बोट दाखवलं.

मानखुर्दला पहिला ट्रॅफिक लागला आणि एसीनं रंग बदलला. गाडी हलली की गार, थांबली की कोमट. चेंबूर ओलांडेपर्यंत वाटलं, बाहेरच उकडतंय म्हणून असेल. नवरात्रातली मुंबई म्हणजे पाऊस संपतोय आणि ऊन वाफेसारखं चढतंय. पण सायनच्या सिग्नलला काट्याकडं लक्ष गेलं. मध्य सोडून तो वर सरकायला लागला होता. गाडी थोडी पळाली की खाली यायचा, परत थांबली की वर.

एसी बंद केला, चारही काचा खाली घेतल्या, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर चारवर. इंजिनाचं गरम पाणी हीटरच्या छोट्या रेडिएटरमधूनही फिरतं, त्यामुळं थोडी उष्णता आत ओढली जाते. शास्त्र बरोबर आहे, पण ते आईला समजावणं अवघड.

"अरे, घामानं जीव चाललाय नि तू शेगडी लावतोस?"

"इंजिनाची उष्णता आत घेतोय, आई."

"मग त्या इंजिनालाच जरा बसू दे की कुठं."

आईचाच उपाय खरा. सायन तलावाजवळ जागा मिळाली तिथं गाडी बाजूला लावली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि पाऊण तास उसाचा रस पीत बसलो. एक रिक्षावाला रिक्षा थांबवून आपणहून आला आणि बाटलीतलं पाणी रेडिएटरवर ओतायला निघाला. त्याला हात जोडले. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो, आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर आतलं उकळतं पाणी दाबानं तोंडावर उडतं. झाकणाला हात लावायचा तो ते उघड्या हाताला नीट सोसवेल इतकं गार झाल्यावरच. नव्या बऱ्याच गाड्यांमध्ये काटा नसतो, नुसता दिवा असतो: निळा म्हणजे इंजिन थंड, लाल म्हणजे थांबा. लाल दिवा पेटल्यावर "एवढा सिग्नल ओलांडू" म्हणणारे पुढं हेड गॅस्केटचं बिल भरतात.

मावशीचं घर दादरच्या हिंदू कॉलनीत, जुन्या तीन मजली इमारतीत. पार्किंगची व्यवस्था मावसभावानं, म्हणजे दादानं, आधीच समजावली होती. बाहेर डबल पार्किंग करायचं, हँडब्रेक ओढायचा नाही, गिअर न्यूट्रल, चाकं सरळ आणि काचेखाली मोबाइल नंबरची चिठ्ठी. आतल्याला गाडी काढायची असेल तर तो आपली गाडी ढकलून घेतो. सकाळी खिडकीतून पाहिलं, तर आमची गाडी रात्री होती तिथून दोन दारं पुढं गेलेली. हीच पद्धत बटणाच्या हँडब्रेकच्या नव्या ऑटोमॅटिक गाड्यांना जमत नाही. गाडी बंद केली की ती आपोआप जखडली जाते. त्यामुळं पहिल्या मजल्यावरच्या काकांना मुलानं घेतलेल्या नव्या गाडीचा राग आहे. सकाळी साडेसहाला कुणीतरी बेल वाजवतं.

रात्री कुल्फी खायला खाली उतरलो तर गल्लीत निम्म्या गाड्यांची बॉनेट उघडी. एवढ्या गाड्या एकदम बिघडल्या? दादा हसला. घुशी आणि उंदीर. बॉनेटखाली ऊब आणि अंधार मिळाला की ते मुक्कामाला येतात आणि वायरिंग कुरतडतात. उजेड-वारा असला की कमी येतात, असं गल्लीचं मत. कुणी तंबाखूच्या पुड्या बांधतं, कुणी डांबराच्या गोळ्या. दादाचा भरवसा बारीक जाळीवर आहे, खालून ती बसवून घेतल्यापासून त्याला त्रास नाही. आम्हीही बॉनेट उघडं ठेवलं. बॅटरी चोरीला जाईल या भीतीनं मी दोनदा गॅलरीत गेलो, ते वेगळं.

शनिवार

नायगावातलं गॅरेज दादाच्या ओळखीचं. एक शटर, बाहेर फुटपाथलगत तीन गाड्या, आत गणपतीच्या तसबिरीला झेंडूचा हार. मेस्त्री मालवणकडचे, साठीच्या पुढचे. त्यांनी आधी गाडी पाहिलीच नाही, प्रश्न विचारले. हायवेला काटा कुठं होता? एसी कधी गरम झाला? उकळल्याचा वास आला का? पाणी किती कमी झालं? मग म्हणाले, "हायवेर वारो लागता, म्हणान इंजिन थंड रवता. हंय वारो खंय आसा?"

गाडी पळत असते तेव्हा समोरून येणारा वारा रेडिएटर गार ठेवतो. गाडी थांबली की ते काम पंख्यानं करायचं असतं. एसीचा कंडेन्सरही, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढंच असतो आणि पंखा दोघांना लागतो, म्हणूनच सिग्नलला एसी कोमट होत होता. साताऱ्यात इतका वेळ सलग थांबायची वेळच येत नाही. पोवई नाक्यावरची गर्दी मानखुर्दच्या पासंगालाही पुरायची नाही.

तपासणी बघण्यासारखी होती. इंजिन चालू, एसी चालू. त्यांनी कान लावला. अशा वेळी पंखा लगेच फिरायला हवा, फिरला नाही. फ्यूज काढून उजेडात धरला, शाबूत. मग पंख्याचा रिले, म्हणजे त्याला वीज जोडणारं छोटं स्विच, काढून त्या जागी हॉर्नचा रिले बसवला. दोन्ही एकसारखे होते, हॉर्न वाजतोय म्हणजे रिले चांगला. तरी पंखा गप्प. शेवटी बॅटरीपासून दोन वायरी थेट पंख्याच्या मोटरला दिल्या आणि पान्याच्या मुठीनं मोटरला हळूच टिचकी मारली. पंखा अर्धा फेरा फिरला आणि थबकला. "कार्बन गेलो," मेस्त्री म्हणाले आणि हात पुसले. म्हणजे मोटरमधले कार्बन ब्रश झिजले होते. पंधरा मिनिटांत निदान, तेही लॅपटॉप न लावता.

पार्ट कुठून घ्यायचा यावर दादा आणि मेस्त्री यांच्यात थोडी वादावादी झाली. दादाचं म्हणणं कुर्ल्याला जाऊ, सीएसटी रोडवर जुना मिळेल, निम्म्यात काम. मेस्त्रींचा नियम साधा. आरसा, दाराची मूठ, टेललाइट, चाकाची कॅप जुनी घ्या खुशाल, डोळ्यांना दिसतं ते दिसतं. मोटर, सेन्सर, ब्रेकचं काहीही आणि रबरी पाइप नवेच. आतून किती झिजलंय ते कुणाला दिसतं? मला पटलं. त्यांचा पोरगा बाइकवरून ऑपेरा हाउसला जाऊन नवा पंखा घेऊन आला. कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं इंजिन गार ठेवणारं पाणी, काढलं तर गढूळ तपकिरी. कधीतरी कुणीतरी बोअरचं पाणी भरलेलं असणार, क्षारांचा थर नळीच्या तोंडाशी दिसत होता. सगळं धुऊन डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं भरलं. तयार मिश्रणाचा डबा घेतला तर त्यात पाणी घालायचं नसतं, डब्यावर लिहिलेलं असतं, वाचावं. मजुरीसकट बिल साडेचार हजारांच्या आत.

पंख्याची वाट बघताना शेजारच्या टॅक्सीच्या बॉनेटवर हात टेकून एक काका उभे होते. पाटीवरचं एमएच-११ पाहून म्हणाले, "कुठले?" सातारा म्हटल्यावर चेहरा उजळला. ते जावळीचे, मेढ्याच्या पुढचे. वडील गिरणीत, हे टॅक्सीत, मुलगा आयटीत. वीसेक वर्षं पद्मिनी चालवली. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३मध्ये त्या कायमच्या गेल्या. "ती तापली की पाणी घातलं, गप बसली," काका म्हणाले. "आता गाडी तापली की बिल."

मग त्यांनी न विचारता क्लचचा तास घेतला, आणि तो मला सगळ्या प्रवासात सर्वांत उपयोगी वाटला. बाहेरून आलेला माणूस मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये सारखा अर्धा क्लच दाबून गाडी रांगवत राहतो. क्लच प्लेट खरी तिथं झिजते. काकांची पद्धत: पुढच्या गाडीला थोडं जाऊ द्यायचं, दीड गाडीची जागा झाली की पहिल्या गिअरमध्ये पूर्ण क्लच सोडून पुढं जायचं आणि परत न्यूट्रलवर थांबायचं. मधे कुणी घुसलं तर घुसू द्यायचं. चढावर क्लचवर गाडी तोलून धरायची नाही, हँडब्रेक ओढायचा. आणि प्लेट गेली हे ओळखायचं कसं? पाय दिल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग चढत नाही, वर जळका वास.

"घुसू देताना राग येतो ना पण?" मी विचारलं.

"रागाचा पार्ट कुर्ल्यात मिळत नाही," ते म्हणाले आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

संध्याकाळी शिवाजी पार्कला फेरी, साबुदाणा वडा, पीयूष. गाडी घरीच ठेवली. दादरमध्ये गाडीनं फिरायचा विचारसुद्धा करू नका. चालत किंवा टॅक्सीनं निम्म्या वेळात होतं. दक्षिण मुंबईत जायचं असेल तर मेट्रो ३ आता आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आहे आणि दादरला स्टेशन आहे.

रविवार

चिरंजीवांना समुद्राखालचा बोगदा बघायचा होता, म्हणून आज मात्र गाडी. वरळीहून कोस्टल रोडला लागलो. मार्च २०२४मध्ये त्याचा पहिला टप्पा सुरू झाला. टोल नाही, दुचाकींना बंदी. बोगदा दोन किलोमीटरचा, प्रियदर्शिनी पार्कपासून गिरगाव चौपाटीपर्यंत. चिरंजीवांची अपेक्षा काचेतून मासे दिसतील अशी होती. "हा तर खंबाटकीसारखाच आहे," एवढा अभिप्राय देऊन त्यांनी चिप्सचं पाकीट फोडलं. सरळ रस्त्यावर वेगमर्यादा ८०, बोगद्यात ६०, वळणांवर आणखी कमी, आणि कॅमेरे आहेत. मोकळा रस्ता बघून पाय जड होतो, तेव्हा पाट्यांकडं बघा. मागं बसलेल्यांनीही पट्टा लावायचा, मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून पोलिसांनी तो सक्तीचा केला आहे. ही आधी कुरकुरली, मग बोगद्यातल्या पाटीवर तेच वाचून गप्प झाली.

मरीन ड्राइव्हवर आई कट्ट्यावर बसली आणि तासभर उठेना. घर सोडून ती कुठं इतकी निवांत बसलेली मी पाहिली नव्हती. गुडघे विसरली. चणेवाल्याशी गप्पा मारल्या, त्याचं गाव विचारलं, तो प्रयागराजचा निघाला तरी त्याला "आमच्याकडं या" म्हणून सांगितलं.

पाचच्या सुमाराला आभाळ अचानक काळं झालं. परतीचा पाऊस कुणाला विचारून येत नाही. दादानं फोनवर भरतीची वेळ पाहिली. मुंबईत पावसाच्या दिवसांत नुसता पाऊस बघून भागत नाही, भरतीही बघावी लागते. समुद्र चढलेला असला की पर्जन्यवाहिन्यांतलं पाणी उतरत नाही. आम्ही लगेच निघालो तरी जे. जे. पुलावर पावसानं गाठलंच. वायपर शेवटच्या खटक्यावर, समोरची गाडी म्हणजे नुसते दोन तांबडे ठिपके.

"काहीही झालं तरी हिंदमाताला खाली उतरू नको, पुलावरूनच चल," दादा सांगत होता. हिंदमाता बशीसारखी खोलगट जागा. पाणी साठू नये म्हणून महापालिकेनं जमिनीखाली टाक्या बांधल्या आहेत आणि दोन पुलांमधला रस्ताही उंच केला आहे, त्यामुळं आता पूर्वीसारखी दशा होत नाही. तरी पुलाखालच्या बाजूच्या रस्त्यांवर पाणी दिसत होतं. दादर टीटीला उतरल्यावर पाणी घोट्याच्या वर. पुढं जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांकडं बघत मी उजव्या अंगानं, रस्त्याच्या मधल्या उंचवट्यावरून, पहिल्या गिअरमध्ये, एक्सलेटर धरून हळू नेली. मधे गिअर बदलायचा नाही, पाय काढायचा नाही आणि बससोबत जायचं नाही, तिच्या लाटेनं बॉनेटवर पाणी येतं.

कडेला एक मोठी पांढरी गाडी बंद पडली होती आणि आतला तरुण पुन:पुन्हा स्टार्ट मारत होता. दादा काच खाली करून ओरडला, "भाऊ, सेल्फ मारू नको!" त्यानं हात हलवला आणि पुन्हा मारला. हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, पाणी दबत नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं जोडकलम आधी घेतलेलं असावं लागतं. पाण्यात गाडी बंद पडली तर किल्ली काढा, ढकलून उंचावर न्या, फोटो काढा, टो करून न्या.

मावशीनं घरी गेल्यावर विचारलं, "गाडीत हातोडी आहे का?" मला कळेना. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी गाडीत अडकून, दारं-काचा न उघडल्यानं गुदमरून माणसं गेली. मावशीच्या शेजारणीचा भाचा त्यांतला. तेव्हापासून या घरातल्या कुठल्याही गाडीत दाराच्या कप्प्यात हातोडी असते. दुसऱ्या दिवशी तिनं मला एक दिली, लाकडी दांड्याची, बहुधा स्वयंपाकघरात नारळासाठी वापरायची. ती अजून गाडीत आहे.

सोमवार

पहाटे दादर फूलबाजारात गेलो. दसरा तोंडावर, झेंडूचे डोंगर. आईनं भाव विचारला आणि म्हणाली, "आमच्याकडचाच दिसतोय." फूलवाल्यानं कबूल केलं, वाईकडून आलेला. तरी आईनं घासाघीस करून साताऱ्याचाच झेंडू मुंबईत विकत घेतला. मेस्त्रींनी बजावलं होतं, दसऱ्याला हार घाला पण पुढच्या जाळीवर जाड हार ठेवून लांब जाऊ नका, वारा अडतो आणि पाकळ्या रेडिएटरच्या पडद्यांत अडकतात. पूजा करा, फोटो काढा, हार आत घ्या.

परतायच्या आधी टायरची हवा, गाडी थंड असताना. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं, पेट्रोल पंपावरच्या पोराच्या अंदाजावर नाही. माणसं आणि सामान भरलेलं असेल तर वेगळा आकडा दिलेला असतो. टायरच्या अंगावर चार आकडे शोधा: २३१९ असेल तर २०१९च्या २३व्या आठवड्यातला. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी राहिली की टायर बाद. समुद्राकाठी राहून आल्यावर गाडी खालूनही धुवावी. खारी हवा पत्र्याला गंज आणते, आणि कबुतरांची शिट वाळली तर रंग खाते. ती कोरडी खरवडू नका, ओलं फडकं ठेवून भिजू द्या.

जाताना शिवडीहून अटल सेतू. २५० रुपये एका बाजूचे, महाग वाटतात, पण २१.८ किलोमीटर, त्यांतले साडेसोळा समुद्रावर, आणि एकही सिग्नल नाही. भरतीच्या वेळेला आजूबाजूला नुसतं पाणी. पुलावर थांबून फोटो काढायला बंदी आहे, दंड होतो, तरी दोघं कठड्याशी उभे दिसलेच. काटा मध्यावर. एक्स्प्रेसवे, पुणे, खंबाटकी, परत सगळं सुरळीत. मायलेज येताना कमी पडलं, पण पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं, आणि १ एप्रिल २०२३च्या आधीच्या गाड्यांना थोडा फटका बसतो. त्यात रविवारचा पाऊस आणि शुक्रवारचा ट्रॅफिक. तेवढं चालायचंच.

साताऱ्यात पोवई नाक्याला गाडी थांबली तेव्हा पुढून घुर्र असा आवाज सुरू झाला. हिनं मागून विचारलं, "हा आवाज आधी नव्हता ना? परत काही बिघडलं का?"

"आधी पंखाच फिरत नव्हता," मी म्हणालो.